एक किलो सातशे

चौदा वर्षं माझ्या पाठीवर पंप होता.
झुरळं, वाळवी, ढेकूण,
आणि घणसोलीत, सातव्या मजल्याच्या छज्ज्याखाली
दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येऊन लटकणारं
आग्या मोहोळ.
सोसायटी रात्री बोलवायची,
अंधारात त्या उडत नाहीत म्हणून.
तीन हजार रोख, पावती नको.

सकाळी वैती बाई खाली आल्या
स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन.
सुपलीतल्या माश्या काट्यावर ओतल्या,
म्हणाल्या, मढवी, वाचा.
मी वाचलं. एक किलो सातशे.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यातल्या मूठभर त्यांनी लोणच्याच्या बरणीत घातल्या.
ती बरणी म्हणजे संस्था.
नाव नंतर आलं, शिक्का त्याच्याही नंतर.

तुर्भ्याची महापालिका शाळा, सहावी ब.
बरणी बाकाबाकावरून फिरली.
अर्शिया खलिफे म्हणाली, ह्या तर मेल्यात,
ह्यांच्याकडून काय शिकायचं?
बाईंनी माझ्याकडे बोट केलं: ह्यांना विचार.
चाळीस पोरं माझ्याकडे वळली.
मी तिथे नुसता खुर्च्या लावायला गेलो होतो.

मग कोपरखैरण्याच्या एका मीटरपेटीतून
सातेरीची वसाहत काढली, पहिल्यांदाच पंपाशिवाय,
पोळी सुतळीने चौकटीला बांधली.
राणी सापडेना. दोन तास.
माझ्याच बाहीवर बसलेली.

ठाण्याला, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात,
कारकुनाने विचारलं, उद्देश काय लिहू?
शिक्षण की शेती?
बाई म्हणाल्या, शेजार.
तसा रकाना नाही, तो म्हणाला.
शिक्षण लिहिलं.

ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा पोटमाळा.
जमाखर्चाच्या वहीवर कायम पीठ.
पहिल्या वर्षी तीन शाळा, शिल्लक एकशे चाळीस रुपये.
दुसऱ्या वर्षी सात. पुढे मी मोजायचं सोडलं,
मोजायला पगारी मुलगी आली.
महापेच्या एका कंपनीने चाळीस पेट्या दिल्या,
प्रत्येक पेटीवर आपलं चिन्ह, ठळक निळं.
माश्या त्याच्यावरून चालत आत जातात.

पोरांना आता नाच येतो.
एक जण फळ्यापुढे कंबर हलवत आठचा आकडा काढतो,
बाकीचे आधी उन्हाकडे बघतात, मग ओरडतात:
खाडीकडे! तिवरं फुललीत!
नाही रे, गोदामामागचा शेवगा!
हेडमास्तर दारात उभे राहून विचारतात,
हा कुठला तास चाललाय?

वसाहत भरली की फुटते.
लोकांना वाटतं, नवी राणी बाहेर पडते.
नाही. म्हातारी निघते,
निम्म्या माश्या घेऊन,
मधाने भरलेलं घर लेकीला ठेवून.
हे मी निदान शंभर वर्गांत सांगितलंय.
तरी मार्चमध्ये बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
म्हणाल्या, शहापूरला जाते, एक पेटी नेते,
तेव्हा मी विचारलं,
आमचं काय चुकलं?

अर्शिया हसली.
तीच ती पगारी मुलगी. वहीवरचं पीठ झटकत म्हणाली,
काका, सहावी बमध्ये तुम्हीच सांगितलं होतंत.

पेटी टेम्पोत चढवली रात्री साडेदहाला,
दाराला जाळी ठोकून. अंधारात त्या उडत नाहीत.
हीच वेळ. ह्याच वेळी मी शिडी लावायचो.
लाकडाला कान लावला
तर आत गिरणी चालू असल्यासारखी घरघर.
बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर,
आणि त्यांनी हात वगैरे हलवला नाही.

बरणी मात्र नेली नाही.
फडताळात आहे, पंखांचा भुगा झालाय आता तळाशी,
झाकण उघडलं की अजून औषधाचा वास येतो,
की मलाच येतो, माहीत नाही.

सोमवारी ऐरोली. नवी शाळा, पाचवी अ.
फोन करून विचारलं, लवकर येऊ का, खुर्च्या लावायला?
म्हणाले, खुर्च्या लावून झाल्यात.
तुम्ही फक्त या.