दुरुस्तीला आलेले फोटो

जुबेदा मुकादम दाभोळहून सकाळच्या एसटीने आली,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढणीत गुंडाळून,
जणू आत अजून बिस्किटं आहेत आणि दापोलीच्या हवेत सादळतील.
झाकणावर लाल कोटातला शिपाई. नाकापाशी गंज.

एकोणतीस फोटो.
तिचा बाप शमसुद्दीन, बोटीवर कोळसा ओढायचा,
मग बर्कनहेडच्या गोदीत राहिला तो राहिलाच.
त्यानं राजवाडा काढला नाही, पूल नाही, पुतळा नाही.
गल्लीत आरपार बांधलेल्या दोऱ्या काढल्या,
आठ घरांचं धुणं, आणि खालून जाणारा पोस्टमन
वाकलेला, कुणाच्या लेंग्याला मुजरा केल्यासारखा.

पायरीवर दुधाच्या दोन बाटल्या,
एकीचं चांदीचं झाकण पाखरानं फोडलेलं.
मागे निळ्या शाईत: *दूध दारात ठेवतात. मांजरं असून.*
कागदात बांधलेला मासा, बटाट्यासकट:
*ताजा आहे. कोकम नाही. खोबऱ्याचं विचारू नका.*
पावसात बसथांबा, रांगेत सहा माणसं,
सहा दिशांना बघणारी:
*सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत.*
मी मोठ्यानं हसलो. जुबेदा हसली नाही.

मग ती बाई.
गुडघे टेकून उंबरा घासणारी, डोक्याला फडकं,
वरचे दात बहुतेक काढून ठेवलेले.
अकरा फोटोंत तीच,
आणि अकराही ठिकाणी तिच्या चेहऱ्यावर भोकं.
चाळीस वर्षं मी फोटो दुरुस्त करतो;
वाळवी, झुरळ, दमट, वाटणीची भांडणं,
कुणाचे दात कसे लागतात ते कळतं मला.
ही सुई होती.

"आईनं केली. गोधडी शिवता शिवता."
बाईचं वय तिनं पाहिलंच नव्हतं.
पाहिलं एवढंच, की दार उघडं आहे
आणि दारात कुणीतरी आहे.

बाप तिकडेच वारला. ट्रंक बोटीनं आली:
दोन स्वेटर, वस्तरा, जानमाज, हा डबा.
डब्यात तळाशी एक फोटो शमसुद्दीननं न काढलेला,
वाकडा, हललेल्या हाताचा:
परसातली भिंत, दोरीवर एक चादर, बस्स.
मागे पेन्सिलीनं इंग्रजी.
माझ्या इंग्रजीला दहावीनंतर कुणी विचारलं नव्हतं,
चष्मा पुसून, थांबत थांबत वाचलं:

*तो सांगायचा, तुमच्या अंगणातून खाडी दिसते.
माझ्या अंगणातून भिंत दिसते.
म्हणून चादरी मी त्याला वाळत घालू द्यायची.
वारा आला की तो तिथेच उभा राहायचा,
आणि मी चहाला हाक मारायची नाही.*

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
"हा एवढा फोटो आईनं टोचला नाही," जुबेदा म्हणाली.
"ह्यात बाई नाही," मी म्हणालो,
आणि जीभ चावली.

भोकां तेवडी बुजवा, म्हणाली.
चेहरा संगणकावर मोठा केला
तर डोळ्यातलं भोक विहिरीएवढं झालं.
शेजारच्या गालातून चिमूटभर करडं उचलून
ते भरत गेलो. दुपार झाली. दहा झाले.

अकराव्यावर तिनं माझा हात धरला.
"ही राहू दे."
मी बघत राहिलो.
"आईचा फोटो नाही आमच्याकडे.
रेशनकार्डावर होता, तो वाळवीनं नेला.
तिचं पण काहीतरी पाहिजे ना डब्यात."

पैसे मी दहाचे सांगितले,
तिनं अकराचे मोजले, सुटे,
त्यात दाभोळची दोनची गाडी गेली.
मग बाकावर बसलो दोघं पुढच्या गाडीपर्यंत,
ती स्टँडकडे बघत, मी डब्यावरल्या शिपायाकडे,
काही न बोलता,
ओळखीचे असल्यासारखे.