उसनं नाक

दोन नंबरची बरणी बिघडली,
हे मला शांतवन साळव्यांकडून कळलं.
त्यांनी झाकण काढलं, वाकले, आणि असे मागे सरले
जसं कुणी चुकीच्या दाराची बेल वाजवून सरतं.
"अंडं," म्हणाले. "नासकं."

मला काहीच नाही.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवर, चष्मा टेकायला.
पिंपरीच्या औषध कारखान्यात सत्तावीस वर्षं
ज्या नाकावर विसंबून साहेब डोळे झाकून सही करायचे,
ते आता फक्त सर्दी धरतं.

तरी जांभळं आणलीच.
घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समागे झाड आहे,
खाली जुनी साडी धरून पाडली,
साडी गेली कामातून, माझे तळवे आठवडाभर निळे.
साखर, यीस्ट, उकळून गार केलेलं पाणी.
वहीत तारीख, तापमान, मिनिटाला बुडबुडे किती.
डोळ्यांना नि कानांना कळेल ते सगळं लिहिलं.
वासाचा रकाना कोरा.

मग उसनवारी सुरू झाली.
आमच्या सोसायटीत वाटीभर साखर मिळते, लिंबू मिळतं,
नाक मागितलं की लोक आधी दाराची साखळी लावतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोर्शेदबाई मात्र काठी टेकत खाली आल्या.
एक नंबर हुंगून म्हणाल्या, "नेलपॉलिश.
माझ्या धाकटीच्या लग्नात आम्ही सगळ्या एकाच बाटलीतून..."
आणि बसल्या. चहा झाला. दुसरा चहा झाला.
धाकटी कॅनडात असते, बोलत नाही.
सिलिंडर घेऊन आलेल्या नागनाथला तीन नंबर दिली.
"ओला पुठ्ठा, मॅडम.
आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा
दहावीची पुस्तकं गच्चीवर वाळत टाकली होती, तसा."
पावती फाडायची विसरून तो जरा वेळ उभा राहिला.

मी लिहिलं:
बरणी एक. झाकण सैल, ऊन लागलं. धाकटी बहीण.
बरणी तीन. निम्मी रिकामी ठेवली, हवेनं खाल्ली. दहावी.
एकीला आता आंबूच द्यावी, कोशिंबिरीपुरतं व्हिनेगर होईल.
तिसरीला इलाज नाही.

दुसरीला आहे.
यीस्ट उपाशी राहिलं की गंधक सोडतं,
आणि मी त्याला साखर देऊन जेवण दिल्याचं समाधान मानलं होतं,
वर महिनाभर त्याच गाळावर झोपवलं.
उपाय: गाळ मागे ठेवून, उंचावरून धार धरून
दुसऱ्या भांड्यात ओतायची,
तरी नाही गेला तर तांबं.
पुरातला नव्हे, साधा रसायनाचा नियम आहे,
तांबं गंधकाला धरून ठेवतं.
घरात तांबं म्हणजे देव्हाऱ्यातली पळी.
चिंचेनं लख्ख घासली.
"तुमच्या देवाला चालेल?" साळव्यांनी विचारलं.
म्हटलं, "आचमनच आहे."

ते घरी गेले. मी बाही वर केली, पळी बुडवणार,
तेवढ्यात कडेला काहीतरी.
बारीक.
काडी ओढून फुंकल्यावर जे उरतं,
तेही नाही, त्याच्याही मागचं काहीतरी.
मी वाकले. आणखी वाकले.
चष्मा घसरून बरणीच्या काचेवर टिक्कन वाजला.
अंडं.
खरोखरचं, नासकं, गलिच्छ,
पावसाळ्यात तुंबलेल्या मोरीसारखं,
लॅबमधल्या तुटक्या फ्यूम कपाटासारखं,
ज्याच्याबद्दल मी तीनदा लेखी तक्रार केली होती.
बाई गं, काय तो घाण वास!
मी ओट्याला धरून उभी राहिले
आणि पुन्हा घेतला. आणि पुन्हा.
पळी हातात, कोरडी.

रात्री साळव्यांनी खिडकीतून हाक दिली,
"गेला का हो वास?"
"आला," मी म्हटलं,
आणि घाईनं झाकण लावलं,
संपून जाईल म्हणून.