चारास एक

पडद्यावर ती चाळीस फूट होती.
म्हणजे अंदाजे. दारात उभा माणूस साडेपाच फुटी धरला,
चित्र थांबवलं, टीव्हीच्या काचेवर पोरीची फूटपट्टी लावली.
माझी दहा फूट. चारास एक.
याहून मोठी केली
तर दाजी पेठेच्या बोळात वळणार नाही.

बारा चाकं होती तिला.
आरटीओच्या लेखी बारा चाकं म्हणजे ट्रक.
म्हणून खरी तीनच, हनीफभाईच्या मोडीत निघालेल्या रिक्षाची,
बाकी नऊ फायबरची, शोभेला,
जमिनीपासून दोन बोटं वर.
धर्मराजाचा रथ म्हणे चार बोटं वर चालायचा, खऱ्याच्या जोरावर.
माझ्याकडं उलटं आहे.
खोटी ती अधांतरी, खरी ती डांबरावर.

मी जॉबर. बिघडलेल्या मागाला कान लावून
कुठला दात झिजलाय ते सांगतो.
शेडमधले सहा माग भंगारात निघाले त्या दिवाळीत
मालकाला म्हटलं, बोनस राहू दे, फण्या द्या.
त्या फण्या आता इंजिनाच्या जाळ्या.
बीमच्या तबकड्या दोन्ही कुशींना,
आणि टपावर रडार म्हणून
नागमणीच्या इडलीपात्रातलं एक ताट, चार खळग्यांचं.
"चंद्रावर काय वाफ खाताव का ओ?" ती म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी झाकणही आणून ठेवलं.

एप्रिलात पत्र्याला हात लावला की कातडी निघते.
वेल्डिंग रात्री दहानंतर.
बोळभर निळा उजेड उडायचा,
समोरचा यादगिरी खिडकीतून ओरडायचा,
"झोपू दे की बे, पहिली पाळी हाय माझी."

आरटीओत शीलवंत मॅडम.
हॉर्न?
सिनेमात नव्हता. तिथं हवाच नाही,
आवाज जाणार कशातून? इथं आहे. वाजवून दाखवला.
इंडिकेटर?
चार.
आरसे?

इथं मी अडलो.
त्या गाडीला आरसे नव्हते, मॅडम.
त्या लोकांना परत यायचंच नव्हतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"तुम्हाला यायचंय ना?"

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला
त्या स्वतः उकिडव्या बसल्या,
रॉकेलच्या बोळ्यानं चासी पुसली,
कागद ठेवून वर पेन्सिल घासली.
एकेक आकडा करड्यातून पांढरा वर आला.
फण्या, तबकड्या, रडार, सगळं वर राहिलं,
खाली हनीफभाईचाच नंबर.

त्याच रिक्षात आम्ही सात पोरं, मांडीवर मांडी,
तो सिनेमा बघायला गेलो होतो.
रीळ दोनदा तुटलं.
दुसऱ्यांदा तुटलं तेव्हा गाडी दरीवरून उडी मारत होती.
दिवे लागले, शिट्ट्या झाल्या,
मशीनवाल्यानं पुढचंच रीळ लावलं.
ती पलीकडं टेकली का,
हे मी आजतागायत पाहिलेलं नाही.
नंतर सीडी मिळाली तरी
तेवढा भाग पुढं ढकलतो.

एमएच तेरा. पांढरी पाटी, काळे आकडे.
पहिल्या दिवशी सात रस्त्याला लाल दिवा.
भविष्यकाळ ब्रेक दाबून उभा,
शेजारी उसाची ट्रॉली, मोटरसायलवर तिघं, सगळे बघायलेत.
तेवढ्यात डोक्यावर चादरींचं गाठोडं घेतलेली एक मावशी
वाकून आत डोकावली.
"आसरा चौक?"

ही खासगी आहे, मावशी.
तोवर तिचा एक पाय आत.
सिनेमात सहा बसायचे.
चारास एक म्हणजे दीड.
गाठोडं धरून आम्ही पावणेतीन झालो.

आरशात पाहिलं.
नुसतं गाठोडं.
हिरवा पडला, मागचे हॉर्न सुटले,
मी क्लच सोडला आणि ती कानाशी म्हणाली,
"वरचं ते इडलीचं ताट हाय काय?"