अर्ध्या अंशाची बाकी

ऑक्टोबर सरत आला की माझं लक्ष उडतं.
बक्स्टनच्या बाजारात, औषधांच्या दुकानात
मी गोळ्या मोजतो, खोकल्याच्या बाटल्यांवर नावं चिकटवतो
आणि दार उघडून कोणी आत आलं
की आधी त्याच्या खांद्यांकडे बघतो.
पाऊसच असतो.

"आला का तुझा पाहुणा?" मिसेस बॅगशॉ विचारतात.
त्यांच्या लहानपणी बर्फ खिडकीपर्यंत चढला होता,
वडिलांनी कोळशाच्या फावड्यानं बोगदा खणला
थेट शेजारणीच्या दारापर्यंत, दूध द्यायला.
दर वर्षी तो बोगदा हातभर लांबतो.
दर वर्षी मी विचारतो, मग?

मी भुसावळचा.
वडील बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस.
मे महिन्यात लादी यायची सायकलच्या कॅरिअरवर,
पोत्यात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली,
घरी पोचेपर्यंत निम्मी.
रस्त्याच्या धुळीत तिची ओली रेघ उमटायची,
आणि ती वाळायच्या आत
मी अनवाणी तिच्यावरून उलटा चालत जायचो,
जमेल तितका लांब.

आईला फोनवर समजावणं अवघड.
बर्फ म्हटलं की तिला लादी दिसते,
हिम म्हटलं तर शाळेचं पुस्तक.
कापूस पिंजतात ना, तसं, मी सांगतो,
पण आवाज न करता.
ती जरा थांबते.
"आणि मग ते झाडावं लागतं का रे?"

यंदा मी सगळं तयार ठेवलंय.
कचऱ्याच्या डब्यांमागे, भिंतीला, थर्मामीटर.
शेडमध्ये लाल प्लास्टिकची घसरगाडी,
तीन वर्षांपूर्वीची, किमतीची चिठ्ठी तशीच.
कोणासाठी, हे उत्तरानं विचारलं नाही.
मी चौपन्न वर्षांचा आहे.

रोज नकाशे बघतो.
वारा नैर्ऋत्येचा, समुद्रावरून आलेला,
ओल्या टॉवेलासारखा मऊ, निरुपयोगी.
मला हवाय पूर्वेचा, कोरडा,
विळीसारखा.
एका नकाशात तो येत्या गुरुवारी येतो,
दुसऱ्यात येतच नाही,
मी पहिल्यावर विश्वास ठेवतो.

उत्तरा दोन स्वेटर घालून हीटरला पाठ लावून बसते.
नाव उत्तरा, आणि उत्तरेचं काहीच सोसत नाही हिला.
"रस्ते बंद होतील, दूध मिळणार नाही,
तुला दुकानापर्यंत चालत जावं लागेल."
हो, मी म्हणतो.
"हसतोस काय?"

गुरुवार.
दुपारी चारलाच अंधार,
आणि मीठ टाकणारी लॉरी
नारिंगी दिवा फिरवत टेकडी चढून गेली.
लग्नाची वरात बघावी तसा मी फाटकात उभा.
सकाळी गाडीच्या काचेवर पहिलं दहिवर धरलं होतं,
लायब्ररीच्या कार्डानं खरवडलं तर
नखांत पांढरा चुरा आला.
जिभेवर ठेवला. चव भुशाची नव्हती.

रात्रीचे दोन. अंश अर्धा, शून्याच्या वर.
मागच्या गल्लीत एकच दिवा आहे,
त्याच्या उजेडाखाली जे पडेल तेच खरं,
बाकीचा अंधार काहीही सांगतो.
पडतोय तो पाऊसच, पण मंद,
तिरपा, जरासा विचारात पडलेला.

मागून चपलांचा आवाज. उत्तरा, शाल ओढून.
"पडतोय?"
अजून नाही.
ती खुर्ची सरकवते, बसत नाही.

छपराच्या पन्हळीतून थेंब गळतोय.
दोन थेंबांमध्ये मी सात आकडे मोजले होते.
मग अकरा.
मग सतरा, आणि तो थेंबही
टोकाशी लोंबकळत राहिला, पडावं की नाही अशा बेतानं.

"बोलू नकोस," उत्तरा म्हणते,
मी काहीच बोललेलो नसतो,
"पुढचा मोज."