सात वाजून दहा

सात वाजून दहा मिनिटांनी
खाली शाळेची व्हॅन येते.
दोन आखूड हॉर्न, एक लांब.
तिसऱ्या मजल्यावरचा अद्वय
एका पायात बूट घालून लिफ्टमध्ये शिरतो,
दुसरा बूट त्याच्या बाबांच्या हातात.
आमच्याकडे मनवा अजून पांघरुणात,
आणि साडेचार वर्षांचा निहार दुधाचा पेला घेऊन खिडकीत,
प्रत्येक दप्तराला हात करतो,
जसा काही स्टेशनवर सोडायला आलाय.

पहिले दोन महिने
त्या हॉर्नसरशी माझ्या पोटात खड्डा पडायचा.

वेळापत्रक केलं होतं की मी!
दहा वर्षं ऑडिट केलेला हात,
पट्टीने आखलेले रकाने,
साडेआठ मराठी, सव्वानऊ गणित,
दहा ते साडेदहा मुक्त खेळ.
मुक्त खेळालासुद्धा वेळ नेमून दिली होती.
बरोबरच्या खुणांसाठी हिरवं पेन.
सोमवारी तीन खुणा झाल्या,
मंगळवारी एक.
बुधवारी निहारने ते पेन तुळशीशेजारच्या कुंडीत खोचलं
आणि त्याला रोज पाणी घालू लागला.

गुरुवारी पाणी बंद.
बादल्या, पातेली, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवलेलं.
मनवा म्हणाली, एवढं पुरेल आपल्याला?
मी म्हटलं, बघ.
ती मग घेऊन मोजत बसली,
एक लिटर, अर्धा, पुन्हा एक,
आणि शेवटी तळाशी उरलं ते थोडंसं.
ते थोडंसं लिहायचं कसं
म्हणून रडकुंडीला आली.
अशा रीतीने अपूर्णांक आमच्या घरात
न्हाणीघरातून, ओल्या पायांनी आले.
रकान्यात त्यांची पाळी नोव्हेंबरात होती.

जिन्याखाली मेवालालकाका इस्त्री करतात.
त्यांची वही आता मनवा लिहिते.
सात शर्ट, चार साड्या,
गोगावलेबाईंच्या ओढणीचा जळालेला एक काठ.
तो जमेत धरायचा की नावे,
यावर दोघांचा अर्धा तास वाद चालला.
मी वरून ऐकत होते. पडले नाही मध्ये.
माझ्या जुन्या साहेबांनाही ते सांगता आलं नसतं.

सगळेच दिवस असे नसतात.
परवा निहारचा ळ सारखा उलटा पडत होता,
कुकरची चौथी शिट्टी झाली होती,
आणि मी ओरडले. चांगलीच ओरडले.
मनवाने पेन्सिल खाली ठेवून विचारलं,
शाळेत बाई दुपारी घरी जातात ना?
तू कधी जातेस?
मी गॅलरीत गेले.
तेवढंच होतं जायला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये बागुलकाका
चहाची कपबशी सावरत विचारतात,
ते ठीक आहे, पण पुढे काय?
पुढे दहा वाजता कालव्यावर, मी म्हणते.
त्यांना तो विनोद वाटतो.

दहा वाजता आम्ही खरंच कालव्यावर असतो.
हिंगण्याकडून वाहत आलेलं पाणी,
त्यात एक चप्पल, निर्माल्याची पिशवी,
आणि वरच्या तारेवर खंड्या,
रोज त्याच जागी, बहुतेक त्याच वेळी.
ह्याने कुठे चिकटवलंय वेळापत्रक?
निहार विचारतो.
खंड्या पाण्यात सूर मारतो. रिकामाच वर येतो.
पुन्हा तारेवर जाऊन बसतो.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी
व्हॅन आली नाही.
सात दहा. सात पंधरा.
निहार खिडकीत, दुधावर साय धरलेली.
सुट्टी लागली त्यांना, मी म्हटलं.
मग आपल्याला?
मी उत्तर जुळवत होते,
कुणाला, कशापासून, किती दिवस,
तेवढ्यात पांघरूण ओढत मनवा बाहेर आली,
डोळे अर्धे मिटलेलेच,
म्हणाली,
आज गुरुवार ना?
बादल्या भरल्यास का?