किती देते?

कोल्हापूर रोडला गाडी बघायला गेले तेव्हा
डॉक्टर शेडबाळकर छप्पर उघडून दाखवत होते
आणि ते अर्ध्यावर अडकलं.
"एवढंच," म्हणाले, "बाकी पाणीबिणी लागलेलं नाही."
पाण्याचं मी विचारलंच नव्हतं.

फायबरची बॉडी, दोन सीटा, रंग पिकल्या टोमॅटोचा.
कारखान्यानं मोजक्याच काढल्या आणि शटर ओढलं.
डॅशबोर्डखाली पत्र्याची चकती, चकतीवर एकशे बारा.
एकशे अकरा आत्ता कुठे उभी असेल,
हा विचार चेक लिहिताना आला.
सत्तावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघितल्या,
स्वतःची करताना हात जरा थांबलाच.

रविवारी विश्रामबागेतलं अख्खं अपार्टमेंट खाली उतरलं.
"आवटी मॅडम, किती देते?"
नऊ, म्हटलं. हायवेला अकरा.
कुणीतरी 'अरेरे' म्हणालं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा
बॉनेटवर हात ठेवून.
हे गॅलरीतूनच म्हणाले,
"छप्पर नसल्याचे जास्त पैसे घेतले काय गं त्यांनी?"

मिरजेचे दस्तगीर शिकलगार आत वाकून
बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग, "इंजिन साध्या घरातलं आहे, वळखीचं.
वरचा थाट तेवढा सासरचा."
छपराचं कापड सतारींच्या खोळी शिवणाऱ्यानं शिवलं,
त्यानं सवयीनं मान ठेवायला थोडी जागा जास्त सोडली.
तिथून गळतं. डावीकडच्या माणसाच्या खांद्यावर.
डावीकडे बहुतेक वेळा भाजी असते.

गळीत सुरू झालं की उसाचा पाला थेट मांडीत.
ट्रॅक्टरवरचा पोरगा गाणं बारीक करून
वरून माझ्या डोक्याकडे बघतो,
मेंदी लावलेल्या भांगाकडे, मग गिअरकडे.
मार्केट यार्डावरून गेलं की सीटवर हळद,
स्टिअरिंगवर हळद,
घरी आल्यावर हे विचारतात, "कुणाचं लग्न होतं?"
एकदाच बसले ते. हरिपूरपर्यंत.
गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे.
येताना म्हणाले, चिंचा केवढ्या जवळ येतात गं.

हरभट रोडला एका स्कूटीनं मागचा कोपरा फोडला.
सुटा भाग कुठेच मिळत नाही, मिळणारही नाही,
म्हणून सांगलीवाडीला होड्या करणाऱ्या
पोपट नलवड्यांकडे गेले.
त्यांनी कोपरा बघितला, मग विचारल्याशिवाय
पायाखालचं कार्पेट उचललं,
खालची माती दोन बोटांत चुरली.
बारीक, गुळगुळीत, काळसर.
"मॅडम, ही पवून आलीया."

मी फोन बाहेर काढला.
शेडबाळकरांचं नाव लावेपर्यंत
गावभागातलं आमचं जुनं घर आठवलं:
आयर्विनला किती फूट, किती फूट, विचारत काढलेली रात्र,
नंतर स्विचबोर्डाच्या वरपर्यंत मारलेला पिस्ता कलर,
आणि घर बघायला आलेल्या त्या नव्या जोडप्याला
मीच, चहा देता देता,
"उंबऱ्यापर्यंत आलं होतं हो. आत नाही."
तेव्हा त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

फोन लागला होता.
"हं, आवटी मॅडम! बरी चाललीय ना?"
चाललीय, म्हटलं.
छप्पर अजून अर्ध्यावर अडकतं.
ते हसले. बऱ्याच दिवसांनी कुणी
घरच्या माणसाची खोड सांगावी तसे.
"उजवीकडे दोन बोटं आत घाला. थोडं वर उचला.
ढकलू नका, नुसतं उचला."
मग दोघंही जरा वेळ लाइनवर थांबलो.
त्यांनी ठेवला नाही, मीही नाही.
पोपटराव तिकडे खोऱ्यानं गाळ काढत होते.

दोन बोटं घातली. उचललं.
गेलं सरळ मागे.