येथे थुंकू नये

डिचोलीच्या जुन्या कचेरीत, जिन्याच्या वळणावर
पाटी आहे : येथे थुंकू नये.
तिच्याच खाली स्टुलावर बसून
उर्सुलाबाई कापसाचा बोळा जिभेवर ठेवते,
ओला करते, आणि भिंतीवरून फिरवते
तापानं निजलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसा.

मला वाटलं होतं, पेटीत औषधं असतील.
आहेतही. पण ती म्हणाली, च्यारी,
चुन्याला सगळ्यात कमी दुखतं ते थुंकीनं.
तंबाखू सोड. तोंड धुऊन ये आणि बस.

बसलो.
कावीचं चित्र बारा रंगांखाली होतं.
पिस्ता, मग निळा, मग पतपेढीसारखा पिवळा,
प्रत्येक साहेबानं आपापला एक हात मारलेला.
पात्याच्या टोकानं आम्ही साहेब उतरवत गेलो
तेव्हा आधी सोंड दिसली.
हत्ती नऊ दिवसांनी.

जिन्याखालच्या सिंहाचा तर
ऑइलपेंटनं पार कुत्रा झालेला.
सावळो शिपाई त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवायचा.
रंग निघाला, दात निघाले.
आता सावळो रोज सकाळी
हेल्मेट हातात धरून जरा वेळ उभा राहतो.

खरी अडचण धुळीची.
वीस वर्षं या रस्त्यानं खनिजाचे ट्रक गेले,
त्यांतला एक माझ्या बापाचा.
डोंगर उडाला तो इथे येऊन बसला, तांबडा.
आणि कावी तरी काय?
त्याच डोंगराची माती,
कुणीतरी चाळली, घोटली, चुन्यावर थापली,
ओली असतानाच कोरून हत्ती काढला.
तांबड्यावरचं तांबडं पुसायचं.
बोळा लाल होऊन आला की माझा श्वास अडके :
ही धूळ, की हत्तीचा कान?
बाई बोळा उजेडात धरायची, बघत राहायची,
कधी कधी म्हणायची, मलाही नाही माहीत. आज पुरे.

जाताना तिनं एक चौकोन तसाच सोडला,
तळहाताएवढा, खालच्या कोपऱ्यात.
साक्षीला, म्हणाली.
पुढच्याला कळायला हवं, काय काय होतं ते.

उद्‌घाटनाला पाहुण्यांचं बोट
हत्तीवरून, मोरावरून, होडीवरून फिरलं
आणि नेमकं तिथे थांबलं :
हे पुसायचं राहिलं वाटतं?

बाई पणजीला परतलेली.
सगळे माझ्याकडे बघत होते.
सवयीनं तोंडात लाळ जमली होती.
मी ती गिळली.